स्पूलच्या नादी लागणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

आधी एक खुलासा. नुसते गाणे ऐकायचे असेल तर पुढे वाचू नका; ते फोनवर एव्हाना सुरूही झाले असते. स्पूलवाल्याला, म्हणजे जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरच्या शौकिनाला, गाणे हवे असते हे खरे, पण त्याआधीची अर्ध्या तासाची खटपटही हवी असते, आणि ही गोष्ट घरात कबूल करायची नसते. घरच्यांना ‘आवाजातली ऊब’ असे कारण द्यावे. सगळे तेच देतात.

आता मशीन. रिवॉक्स, आकाई, टीॲक, सोनी, काहीही घ्या. दणकट मशीन पंधरा किलोच्या आसपास भरते आणि त्याला घरात जागा नसते. तुमची मावसबहीण न्यू जर्सीहून फोन करील, की इथे गराज सेलमध्ये एक स्वस्तात मिळतेय, पाठवू का? थांबा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. त्यावर ट्रान्सफॉर्मरचा उतारा आहे. पण तिथला प्रवाह ६० हर्ट्झचा, आपला ५० चा, आणि तिथे ट्रान्सफॉर्मर हात टेकतो. जुन्या बऱ्याच मशिनांची मोटार या हर्ट्झच्याच तालावर फिरते. परिणामी जिथे सहा इंच टेप सरकायची तिथे पाचच इंच सरकते. पांढरी चारमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्याही किंचित खाली उतरतो. यावर ‘काय ठेहराव आहे!’ म्हणून मान डोलावणारे श्रोतेही मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. मशीन ५० हर्ट्झला जुळते का हे आधी विचारावे, किंवा सरळ रिवॉक्स ए-७७ शोधावे. त्याच्या मोटारीचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळते.

वेग किती ठेवावा? स्टुडिओचा वेग सेकंदाला १५ इंच. आवाज देखणा, पण साडेदहा इंची स्पूलवरची २,५०० फूट टेप ३३ मिनिटांत संपते. म्हणजे बडा ख्याल रंगून द्रुतला हात घालावा आणि टेपचे शेपूट फडफडू लागावे. म्हणूनच घरगुती मैफली टिपणारे पावणेचार इंचांवर खूश असत. सात इंची स्पूल, १,२०० फूट, सलग ६४ मिनिटे. ७८ च्या तबकडीवर राग जेमतेम तीन मिनिटांत आटपावा लागे, हे आठवले म्हणजे या ६४ मिनिटांची किंमत कळते. वेग कमी म्हणून वरचे स्वर थोडे मंदावत, पण आलाप कापावा लागत नसे. गवयाची खाकर, तंबोरा पुन्हा लावणे, मागच्या रांगेतले ‘वाहवा’ हे सगळे त्या टेपांवर आहे, आणि माझ्या मते स्पूलची खरी मिजास तिथेच आहे.

पाहुण्यांसाठी थोडा इतिहास पाठ असू द्यावा. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन मांडला. महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकी अभियंत्याने अशी दोन मशिने सुटी करून मायदेशी पाठवली. थेट प्रक्षेपणाच्या जाचाला कंटाळलेल्या बिंग क्रॉस्बीने त्यावर आपला रेडिओ कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, आणि अँपेक्स कंपनीत पैसेही घातले. एवढे पुरे. पाहुणे चहा संपवून उठतात.

मग सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हेड पुसावे. काडीवर तपकिरी डाग आला की मन समाधान पावते. तो डाग म्हणजे टेपवरचा लोहाचा ऑक्साइड, म्हणजे कुणाच्या तरी गाण्याचाच चुरा, हा विचार त्या क्षणी करू नये. नंतर डीमॅग्नेटायझर. तो मशीनपासून हातभर लांब धरून सुरू करायचा, आरती ओवाळावी तसा हेडसमोर सावकाश फिरवायचा आणि तितक्याच सावकाश लांब नेऊन मगच बंद करायचा. हेडजवळ बंद केलात तर जे चुंबकत्व घालवायचे तेच बसवून ठेवाल. जवळच्या टेपा आधी दुसऱ्या खोलीत न्याव्यात, हे मी वेगळे सांगायला नको.

टेप ओवायला एकदा शिकले की झाले: डाव्या स्पूलवरून, हेडच्या समोरून, कॅपस्टन आणि रबरी रोलरच्या मधून, उजव्या रिकाम्या स्पूलवर दोन-तीन वेढे. वाजवून झाल्यावर लगेच उलटी गुंडाळायचा मोह होतो. स्टुडिओवाले तशीच ठेवतात. गुंडाळीतल्या एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटते. टेप उलटी गुंडाळून ठेवली तर तो पडसाद आधी ऐकू येतो, म्हणजे सम येण्यापूर्वीच पुसटशी सम. शेपटाकडून ठेवली तर तो मागाहून येतो आणि मूळ आवाजात झाकला जातो.

मोजमापाला आजचा साधा डिजिटल रेकॉर्डरही स्पूलला मागे टाकतो. वाद घालू नये, हरायला होते. फक्त स्पूलवर गाणे पुढे ढकलायला बोट पुरत नाही, म्हणून बसून ऐकले जाते.

आता गंमत बाजूला ठेवून एक काम सांगतो. माळ्यावर आजोबांचे स्पूल असतील तर मशीन शोधण्याआधी डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ॲसिटेटची टेप आहे आणि कुजू लागली आहे. तिला उष्णता अजिबात लावू नये. १९७०-८० च्या दशकांतल्या काही टेपांचा थर उलट दमट हवेने चिकट होतो आणि टेप हेडवर किंचाळते. जाणकार तशा टेपा पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास चक्क भाजतात, पण घरच्या ओव्हनमध्ये नाही. डब्यांवर लिहिलेल्या रागांच्या, गवयांच्या आणि तारखांच्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. आणि टेप पहिल्यांदा लावाल तेव्हाच ती संगणकावर उतरवून घ्या, कारण काही टेपा दुसऱ्यांदा वाजत नाहीत.