उसन्या बळाचा कंदील

दिव्यांचं उज्जैनइतकं कौतुक फार थोड्या शहरांना असेल. हरसिद्धीच्या देवळात मराठ्यांच्या काळातल्या दोन उंच दीपमाळा आहेत. त्यांवर हजाराहून जास्त दिवे लागतात, आणि ते लावण्याचा मान मिळावा म्हणून भाविक आधीपासून नाव नोंदवून ठेवतात. २०२३च्या महाशिवरात्रीला क्षिप्रेच्या घाटांवर १८ लाख ८२ हजार पणत्या एकाच वेळी उजळून शहरानं गिनेस बुकात नाव घातलं. अशा या शहरात, रेल्वेच्या पुलाअलीकडे माधव नगरात, आमच्या घरी लाइट गेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘‘ती बॅटरीची बत्ती कुठे ठेवलीय?’’ ती सापडली की दुसरं, ‘‘चार्ज नाही केली का कुणी?’’

हा ‘कुणी’ आमच्या घरात बरीच वर्षं राहतो. सगळी किरकोळ कामं त्याच्याकडे असतात आणि त्यानं एकही केलेलं कुणाला आठवत नाही.

माधव नगर हे नाव शिंदे सरकारांच्या माधवरावांचं. पत्त्यात ते डौलानं लिहायचं आणि बोलताना फ्रीगंज म्हणायचं, अशी इथली रीत आहे. आमच्यासारखी शिंदेशाहीबरोबर माळव्यात येऊन राहिलेली मराठी घरं अजून या भागात आहेत. या घरांच्या माळ्यावर हमखास सापडणारी वस्तू म्हणजे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या काच कारखान्यातला हा कंदील माळव्यात कसा पोचला, हे प्रत्येक घर वेगवेगळं सांगतं. पण दिवेलागणीआधी त्याची काच राखेनं पुसायची, वात कातरायची, घासलेट बघायचं, हे मात्र सगळीकडे सारखंच होतं. तो रोज काम करून घ्यायचा आणि म्हणून रोज तयार असायचा. एवढी कटकट कोण करणार, म्हणून पुढे त्याची पेन्शन झाली.

मग आली इमर्जन्सी लाइट. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं आणि जाताना कोरब्याची वीजकेंद्रं घेऊन गेलं. पुढची काही वर्षं आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. २००३च्या विधानसभा निवडणुकीत बिजली, सडक, पानी हेच तीन शब्द प्रत्येक सभेत ऐकू यायचे. त्या काळात दोन छोट्या ट्यूबांची ती पांढरी पेटी घराघरांत कोपऱ्यात बसलेली असे. तिच्या पोटात शिशाची बॅटरी असायची. वजन असं की चोरानं नेली तरी कोपऱ्यापर्यंतच नेली असती. या बॅटरीला रिकामी ठेवलेलं सोसत नाही. तिच्या पत्र्यांवर गंधकाचे क्षार साचून घट्ट होतात आणि मग कितीही वीज पाजली तरी ती धरत नाही. विजेची अवस्था सुधारली, लाइट जाईनाशी झाली, पेटी न वापरता पडून राहिली आणि नेमकी त्यामुळेच मेली. संकटानं दगावलेली माणसं पुष्कळ. संकट टळल्यामुळे दगावलेली तेवढी ती एकच.

यंदा हा विषय पुन्हा निघाला तो आत्यामुळे. तिनं पंचक्रोशीला जायचं जाहीर केलं. तेही शेजारच्या भाभी आणि त्यांच्या गल्लीतल्या बायकांबरोबर, पायी. यात्रा ११८ किलोमीटरची. पिंगलेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल, उंडासा असे पडाव घेत लोक महाकालवनाला वळसा घालतात. डोक्यावर गाठोडं, त्यात पीठ, डाळ, पांघरूण. पडावावर गोवऱ्या पेटवून बाट्या भाजायच्या, मिळेल तिथे अंथरायचं, आणि ऊन चढायच्या आत अंतर कापायचं म्हणून पहाटेच्या अंधारातच उठून चालू लागायचं. पचमढीला तंबूत राहून आलेला आमचा भाचा हे ऐकून म्हणाला, ‘‘आजी, हे तर कॅम्पिंग झालं!’’ आत्या म्हणाली, ‘‘असेल बाबा. पण तुमच्या त्यात पुण्य मिळतं का?’’

तारखेवरून आधी थोडा घोळ झाला. यात्रा वैशाख वद्य दशमीला निघते आणि अमावास्येला संपते, असं भाभींनी सांगितलं. आत्यानं भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात वैशाख उघडला आणि म्हणाली, ‘‘मग महिना आहे अजून.’’ उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे भाभींचा वद्य वैशाख म्हणजे आपला वद्य चैत्र. उज्जैनातल्या मराठी माणसाला दोन पंचांगं सांभाळावी लागतात, आणि श्राद्धापासून रजेपर्यंत सगळीकडे ती नडतात. आकाश मात्र एकच असल्यानं एवढं नक्की होतं, की यात्रेत चंद्र उगवणार तो उत्तररात्री, तोही रोज बारीक होत जाणारा. म्हणजे उजेड आपला आपण न्यायला हवा.

‘‘मोबाइलला टॉर्च असतो की,’’ असं घरातल्या एकानं सुचवलं. पण पाच दिवसांत हाच मोबाइल आत्याची खबर देणार, हाच चुकलेल्या भाभींना शोधणार. त्यालाच दिवाही करायचं म्हणजे रात्रभर तो जळणार आणि सकाळी आत्या व भाभी दोघी बेपत्ता. दिवा वेगळाच हवा, यावर एकमत झालं. एकमत झालं ते तिथंच आणि तेवढंच.

भाच्याला हवा होता हजार ल्यूमेनचा. टॉवर चौकाजवळच्या दुकानदाराला खपवायचा होता त्याहून मोठा. ‘‘भिया, पूरा मैदान दिखेगा!’’ तो म्हणाला. आत्या शांतपणे म्हणाली, ‘‘मैदान मला दिवसा दिसतंच. रात्री मला माझी चप्पल दिसली पाहिजे आणि शेजारी झोपलेलीच्या डोळ्यांत उजेड जाता कामा नये.’’ कंदील कसा निवडावा यावर एवढं मुद्देसूद भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो जितका जास्त, तितकी बॅटरी लवकर बसते. चप्पल शोधायला आणि बाटी उलटायला शंभरच्या आतलं काम.

एका लिथियम कंदिलाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ‘४००० एमएएच’, आणि खाली ‘४० तास’. भाचा लगेच हिशेबाला बसला. लिथियम सेलचा दाब ३.७ व्होल्ट, त्याला चार हजारांनी गुणून हजारानं भागलं की १४.८ वॉट-तास. दिवा पूर्ण ताकदीनं ३ वॉट खात असेल तर पाच तासही पुरणार नाही. चाळीस तास मिळणार ते अगदी मिणमिणता ठेवला तर. अर्थात देवघरातल्या समईनंही हसावं इतका. पण १ वॉटवर ठेवला तर वाटेतली गळती धरून बारा तास मिळतील. रात्रीचे आणि पहाटेचे मिळून दोन तास म्हटले तरी यात्रेला पुरून उरतील. लिथियमचा कंदील तळहातावर मावत होता, त्यामुळे वजनाच्या परीक्षेत शिशाचा कंदील खोक्यातून निघण्याआधीच नापास झाला. वर चिकटवलेल्या सौर पट्टीचं दुकानदारानं फार कौतुक केलं. चैत्रातल्या माळव्यात उन्हाला तोटा नाही, तोटा पट्टीच्या आकाराला होता. एवढीशी पट्टी दिवसभर तापून तासा-दोन तासांचा उजेड देईल. आणि उन्हात कंदील तापला की आतला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं आयुष्य काढून घ्यायचं.

रंगाचा प्रश्न आत्यानंच काढला. पांढऱ्याशुभ्र उजेडात निळा भाग जास्त असतो आणि किड्यांना तो लवकर दिसतो. उंडाशाला तळं आहे. तिथे असा दिवा लावला की आमटीत काय पडलं ते नंतर कळणार. पिवळसर उजेडाला किडे तुलनेनं कमी येतात. पण स्वस्त पिवळ्या एलईडीत हळद आणि तिखट यांची ओळख पटत नाही. आत्यानं पर्समधून दोन्हींच्या पुड्या काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या आणि एकेक कंदील लावून बघितला. दुकानदारानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण मसाल्याच्या पुड्या घेऊन आलेलं हे पहिलंच. अखेर उबदार उजेडाचा, डोळे मिटून बोटांनी बटण सापडणारा, पावसाचे शिंतोडे सोसणारा आणि मोबाइलच्याच टाइप-सी वायरीनं चार्ज होणारा एक कंदील पास झाला. ‘‘डोळे मिटून चालू झाला पाहिजे,’’ ही अट तिचीच. ज्याची गरज अंधारात लागते, ते शोधायला दुसरा दिवा लागत असेल तर काय उपयोग?

शिंतोड्यांची अट मात्र माझी होती. इथल्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, ५ मे २०१६ रोजी, चैत्रात वादळी पाऊस आला. मेळ्यातले मोठमोठे मंडप कोसळले आणि माणसं दगावली. तंबूंची ती अवाढव्य वस्ती तेव्हा अंधारात आणि चिखलात सापडली होती. पुढचा सिंहस्थ २०२८चा आहे. तेव्हा यात्रेला घेतलेला कंदील यात्रेपुरता नाही, हे मी मनाशी धरूनच घेतलं होतं.

पंचक्रोशीची सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून होते. महाकालाच्या देवळात वर्षातून एकदाच, नागपंचमीला, दर्शन देणारा तो नागचंद्रेश्वर वेगळा. इथे यात्रेकरू देवाकडून बळ मागून घेतात आणि यात्रा पुरी झाली की मातीचे घोडे वाहून ते परत करतात. मला ही प्रथा फार व्यवहारी वाटते. बळ मिळतं ते उसनं, हे आधीच ठरलेलं असतं, आणि उसन्याची परतफेड कधी करायची याचा दिवसही ठरलेला असतो. पाय दुखतात म्हणून ‘‘पुढच्या आठवड्यात देऊ’’ असं कुणी म्हणत नाही.

आत्या परत आली ती उन्हानं रापून आणि खुशीत. तिनं घोडे वाहिले आणि घरी आल्यावर चहाच्याही आधी कंदील चार्जिंगला लावला. ‘‘देवाचं दिलं, याचं राहिलं होतं,’’ ती म्हणाली. भाचा धावत गेला आणि निम्म्यावर आल्यावर त्यानं वायर काढली. लिथियमचा सेल पडून राहणार असेल तर तो तुडुंब नको आणि रिकामाही नको, निम्मा भरलेला बरा, असं त्याचं शास्त्र. आत्याला ते पटलं. उपासालाही ती तुडुंब खात नाही.

पण खरा प्रश्न पुढचाच होता. हा निम्मा भरलेला सेल महिनोन्महिने कपाटात थोडा थोडा उतरत जाणार, आणि ऐन वेळी ‘कुणी’ त्याला विसरलेला असणार. भाच्यानं मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून देतो म्हटलं. आत्यानं तो मोडीत काढला. रिमाइंडर बोटानं बाजूला सारता येतो. तिला असा दिवस हवा होता जो टाळताच येणार नाही. तिनं संकष्टी निवडली. दर महिन्याला येते. घरातल्या सगळ्यांना ती पोटातून आठवते. त्या रात्री चंद्रोदयापर्यंत नाहीतरी गच्चीवर ताटकळायचंच असतं. तेव्हा गच्चीवर कंदील लावायचा, जिना उतरताना तोच हातात घ्यायचा, आणि पानं वाढण्याआधी त्याला वायर लावायची. म्हणजे तो वापरलाही जातो आणि भरलाही जातो. ‘कुणी’वर सोपवण्यासारखं काही उरत नाही.

भाच्यानं विचारलं, ‘‘आणि हा बिघडला तर?’’ दुकानदारानं पावतीवर बारा महिन्यांची वॉरंटी लिहून दिली आहे. आत्यानं पावती पंचांगात ठेवली आणि म्हणाली, ‘‘बारा संकष्ट्या. अधिक मास आला तर तेरा.’’