ताशी तीनशे आठ

मुंबई विमानतळ ते गोव्यातलं मोपा, सरळ रेषेत अंतर साधारण 385 किलोमीटर. तिकिटावरची वेळ सव्वा तास. आमचे मेहुणे बापू एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तपासणीच्या रांगेतच भागाकार उरकला. "भावोजी, ताशी 308! एवढ्यात तर जपानची आगगाडी जाते. मग विमानाचे पैसे कशाला?"

वर गेलं की विमान ताशी आठशेच्या आसपास जातं, असं मी म्हणालो.

"मग बाकीचा वेळ खातं कोण?"

ते विमानात बसल्यावर कळलं. तिकिटावरची वेळ उड्डाणापासून मोजतच नाहीत. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, गोव्यात पुन्हा ठोकळे लागले की बंद. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकीवरच कारभार. आणि दिवसाला विमानांची ये-जा नऊशेच्या वर. आमच्यापुढे पाच शेपट्या उभ्या होत्या. बापूंनी त्या खिडकीतून मोजल्या आणि "दादर टीटीला तरी वेगळं काय असतं!" म्हणत पट्टा सैल केला.

हवेत जेमतेम पाऊण तास. काजूची ट्रॉली आमच्यापर्यंत पोचली आणि विमान उतरायला लागलं. मागच्यांना नुसतं दर्शन. खाली मुंबई-गोवा महामार्ग दिसत होता. त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. तो खड्ड्यांशिवाय बघायचा तर एवढ्या उंचीवरूनच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत," अशी घोषणा झाली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. बापूंनी नाही वाजवल्या. "वेळापत्रकातच ढील ठेवलीय. आम्हीपण दापोली गाडीला अर्धा तास जास्तीचा लावायचो. मग कसला आलाय उशीर!"

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी मुंबईपासून सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे मोप्याला उतरून आमचे चाळीस वाचले होते. पण मावशी राहते मडगावात. दाबोळीहून मडगाव पंचवीसेक किलोमीटर, मोप्याहून सत्तरच्या घरात. मोपा पडतं पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. बांद्याला मामा असता तर सोय होती. मावशीचा फोन आला, "उतरलात ना? मग भात टाकते."

"इतक्यात नको," मी म्हटलं.

बॅगा आल्या, टॅक्सीची रांग झाली, पर्वरीच्या कोंडीत काचा वर-खाली करून झाल्या. पहाटे साडेचारला डोंबिवलीहून निघालेलो आम्ही दीडला मावशीच्या दारात उभे. बापूंनी चपला काढता काढताच हिशोब मांडला: डोंबिवली ते मडगाव सरळ रेषेत साडेचारशे धरा, भागिले नऊ तास.

"ताशी पन्नास!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "भावोजी, लालपरी!"