तात्यांची ओरिजिनल गाडी

तात्यांना विचाराल तर गाडीत काहीही बदललेलं नाही. फक्त इंजिन स्कॉर्पिओचं आहे. आणि गिअरबॉक्स. आणि रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, डिझेलची टाकी, झाडून सगळं वायरिंग आणि चावी. बाकी सगळं वडिलांच्या वेळचं, हात लावलेला नाही.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५० पिकअप. हिला नाक नाही. जीपच्या ८१ इंची व्हीलबेसवर ड्रायव्हरला पार पुढे नेऊन बसवलेलं, पुढची काच तोंडाशी, इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली आणि मागे हौदा. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही काढली. तोंडवळा ब्रुक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरचा. तिकडे ती दहा वर्षंही टिकली नाही; महिंद्राने मात्र आपल्याकडे ती पुढे पुष्कळ वर्षं चालवली. तात्यांच्या वडिलांनी तिच्यातून द्राक्षाच्या पेट्या नेल्या, दुधाचे कॅन नेले, दोन आत्यांची वऱ्हाडं नेली. एकदा गाभण म्हैसही नेली, असं तात्या सांगतात. म्हशीचं वजन दर वर्षी वाढतं.

असे तात्या तासगावला आहेत, बारामतीला आहेत, निफाडलाही आहेत. कुणी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त, कुणी बागायतदार, कुणी एसटीच्या डेपोत उमेद घालवलेला. जुन्या वस्तूवर जीव आणि नव्या सोयीवाचून चैन नाही, हा सगळ्यांचा स्थायीभाव. यांच्या वाड्याच्या सागवानी तुळया पाहुण्यांना मोजून दाखवल्या जातात, पण त्या एसीखाली बसून. पितळी बंब दारात चकचकीत उभा असतो. त्यात विजेची कॉइल सोडलेली असते. तेव्हा गाडीचं पुढे जे झालं ते होणारच होतं.

कारण सांगायला तात्यांकडे हिशोब आहे. जुनं पेट्रोल इंजिन ॲव्हरेज देत नव्हतं. डिझेल घातलं की पैसे वाचणार. आजवर या वाचवण्यावर जो खर्च झाला, त्यात ती गाडी पेट्रोलवर काश्मीरला जाऊन परत आली असती, हौद्यात म्हैस घेऊन. पण हे त्यांना सांगण्याची सोय नाही. बोलणाऱ्याला ‘तुम्हाला डिझेलमधलं काय कळतंय?’ हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि उत्तर खरोखरच नसतं.

घाटात उलटलेली एक स्कॉर्पिओ भंगारात निघाली, तिचं २.२ लिटरचं एमहॉक इंजिन तात्यांनी उचललं. मिस्त्रीने टेप काढली, एफसीच्या पोटात घातली, टेप बाहेर काढली आणि म्हणाला, ‘बसतंय की तात्या, त्यात काय!’ महाराष्ट्रातल्या किती घरांची शिल्लक या एका वाक्यात गेली असेल, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

तात्यांचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे. जुनं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं. नवं २१७९ सीसीचं. म्हणजे वाढवलं कुठे? उलट २० सीसी कमीच केलंय! शिवाय गाडी महिंद्राची, इंजिनही महिंद्राचं. सोयरीक नात्यातच झाली, बाहेर गेलो नाही. फक्त एक तपशील ते गाळतात. जुन्याची ताकद जेमतेम पंच्याहत्तर अश्वशक्ती, नव्याची १२०. जुन्याचा टॉर्क दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास, नव्याचा पावणेतीनशेच्या वर. पुढचं सगळं रामायण या गाळलेल्या तपशिलात आहे.

इंजिन चेन-ब्लॉकला टांगून खाली सोडलं आणि त्याचा सम्प, म्हणजे तळातलं तेलाचं पात्र, थेट पुढच्या एक्सलवर जाऊन बसला. आता इंजिन वर उचला, नाहीतर सम्प कापा. तात्यांनी दोन्ही केलं. सम्प कापून कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग करून आणला, आणि तरीही इंजिन चार बोटं उचलावं लागलं. त्यामुळे मधलं झाकण इतकं वर आलं की डावीकडे बसलेल्या काकूंचा तात्यांना आता फक्त अंबाडा दिसतो. काकूंची तक्रार नाही. ‘निदान बोललेलं ऐकू तरी येत नाही,’ म्हणाल्या.

मग गिअरबॉक्स. तीन गिअरचा जुना बॉक्स एवढा टॉर्क झेलेना. म्हणून स्कॉर्पिओचाच पाच गिअरवाला घातला. तो लांब. म्हणून प्रोपेलर शाफ्ट आखूड केला, इतका की आता तो हातभरही उरला नाही आणि दर खड्ड्याला त्याच्या जॉइंटमधून कुरकुर येते. या गडबडीत फोर-बाय-फोरची जोडणी निघाली ती निघालीच. तिचा लिव्हर मात्र जागेवर आहे. कशालाही जोडलेला नाही, पण आहे. कारण तो ओरिजिनल. चिखल आला की तात्या तो गंभीरपणे ओढतात.

गाडी आता पळणार म्हटल्यावर ती थांबवणंही आलं. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. पंप आला, बूस्टर आला, बूस्टरला जागा नाही म्हणून बॅटरी हौद्यात गेली. हौद्यात इंटरकूलरचा पंखाही गेला. द्राक्षाची पेटी ठेवायची म्हटली तर एकच मावते आणि तीही गरम होते.

हे सगळं पान्याने सुटणारं होतं. खरी परीक्षा वायरिंगची. या इंजिनात ॲक्सिलरेटरची केबल नाही. पेडलखाली सेन्सर, सेन्सरची वायर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आणि चावीतली चिप ओळख पटवेपर्यंत ईसीएम ढिम्म हलत नाही. मिस्त्री पहिल्यांदाच गप्प झाला. मग सांगलीहून लॅपटॉप घेऊन एक पोरगा आला. त्याने केबल जोडली, बराच वेळ स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, ‘काका, गाडी साठने पळाली तरी तिला वाटतंय ती उभीच आहे. वेगाचा सिग्नलच मिळत नाही तिला.’

‘उभीच आहे की रे,’ काकू आतून म्हणाल्या. ‘तिला बरोबर वाटतंय.’

ती चालू झाली तो दिवस मात्र तात्यांना सुखाचा गेला नाही. आवाजच नाही! जुनी गाडी वेशीवर आली की गावाला कळायचं. आता लोक म्हणतात, कुणाची तरी स्कॉर्पिओ आली वाटतं. तात्यांनी सायलेन्सर थोडा कापून घेतला. त्यासाठीचा शब्द ‘रिस्टोरेशन’.

मग आरटीओ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मनाला येईल तसे फेरफार करू देत नाही. इंजिन बदलायचं तर मंजुरी हवी, आरसीवर नवा नंबर चढायला हवा. तिकडे २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. तात्यांनी एजंटला सांगितलं, दोन्ही कर. आधी इंजिन चढव, मग व्हिंटेज कर.

‘तात्या, या खिडकीवर इंजिन बदललं म्हणून लिहायचं आणि त्या खिडकीवर बदललं नाही म्हणून?’

‘बदललंय कुठे? २० सीसी कमीच आहे.’

एजंटने चहा घेतला आणि निघाला. दोन्ही फॉर्म अजून तात्यांच्या कपाटात आहेत, एकाच फाइलीत.

हरिकेन इंजिन गोठ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. दसऱ्याला त्यालाही झेंडूचा हार पडतो. ते विकत घ्यायला कोल्हापूरचा एक जण आला होता. त्याच्याकडे एफसी आहे, आणि त्याला ती मूळ रूपात करायची आहे. तात्यांनी त्याला चहा पाजला, गाडी दाखवली, म्हैस सांगितली आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. वर म्हणाले, ‘असले हौशी लोक गाडीचं वाटोळं करतात.’

तर वाचकहो, कुणाच्या गोडाऊनमध्ये एफसी-१५० च्या पुढच्या काचेचं रबर पडलं असेल तर तात्यांना हवंय. भाव ते बघून देतील. फक्त जुनंच हवं, नवं बनवलेलं चालणार नाही. आणि इंजिनाचा विषय तुम्ही होऊन काढू नका.