वाफ गेली, पीयूसी राहिली

आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, खाडीपलीकडची नव्हे. ऑनलाइन मागवलेले सुटे भाग मात्र आधी तिकडची हवा खाऊन येतात. म्हणून आमच्या मेस्तरीला पार्ट बदलण्यापेक्षा तपासण्याची खोड जास्त. शिवाय तालुक्यातल्या तेरखेड्यात फटाके बनतात, त्यामुळे वाफ आणि ठिणगी या विषयांत इकडचा माणूस अडाणी नाही.

परवा भाच्याचा मिशिगनहून व्हिडिओ कॉल आला. गाडीत पिवळा दिवा लागलेला, कोड पी ०४५३. म्हणजे पेट्रोलच्या टाकीतला वाफेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल नको तितका चढलाय. तिकडं नुसतं बघायचेच डॉलर लागतात, म्हणून मामाच्या गावचा मेस्तरी आठवला. मी फोन घेऊन थेट गॅरेजात.

"आधी टाकीचं झाकण काढ," मेस्तरी म्हणाले. "आतला आन् भाईरचा दाब सारखा झाला पाहिजे. आता मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल सिग्नलच्या वायरीला. किती दावायलंय?"

"चार पॉइंट नऊ, काका."

"अडीचच्या आसपास पाहिजे. कंपनीप्रमाणं थोडं इकडंतिकडं, पर पाचाला चिकटायचं काम नाही."

इथं दुसरा कुणी असता तर नवा सेन्सर मागवून मोकळा झाला असता. मेस्तरींनी कनेक्टर काढायला लावला. लाल टोक पाच व्होल्टच्या वायरीला, काळं अर्थच्या वायरीला: शून्य. काळं पुन्हा बॅटरीच्या मायनसला: पाच. मेस्तरी खूश. "सेन्सरचा काय गुन्हा नाही. त्याचा अर्थच तुटलाय." हिवाळ्यात बर्फ वितळायला तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं वायर खाल्ली होती. आमच्याकडं असे अर्थ तुटलेले लोक थेट व्यासपीठावर जातात. कुठलाच दिवा लागत नाही.

भाचा सांगत होता, अमेरिकेत १९९६ पासून गाडीनंच स्वतःची वाफ गळते का ते तपासायचं. पुढं तर अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडलं पाहिजे असा नियम झाला. एवढ्याशा भोकासाठी गाडी बोंबलते! आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर हातभर धार सोडत गावभर हिंडतो, आणि त्याचा डॅशबोर्ड समाधिस्थ.

आता आपल्या पेट्रोल गाडीतही वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याला बंद खोलीत कोंडून वाफ मोजतात. दोन ग्रॅमच्या आत पाहिजे. लग्नाआधी मुलाची चौकशी करतात तसंच हे. एकदा लग्न लागलं की कोण विचारतो? पुढं पीयूसीवाला सायलेन्सरात नळी घालतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो. टाकीकडं ढुंकूनही बघत नाही. प्रमाणपत्र नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड. झाकण हरवलं म्हणून टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं असेल, तर मात्र मागच्या दाराचं वर्तन चांगलं म्हणून गाडी पास. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात उडून जाते त्यात आमच्या उसाचीही वाफ. उसाचं बिल मागाहून मिळतं, वाफ तेवढी रोख.

भाच्यानं वायर जोडली, कोड पुसला. दिवा गेला. "काका, फी किती पाठवू?"

मेस्तरींनी हात पुसले. "फी नको. दिवाळीला येताना तसला एक सेन्सर घेऊन ये."

"तुमच्या गाडीला?"

"नाही रं. टँकरला बसवून बघावा म्हणतो."