माझ्या दिवसाचा सातबारा

माणूस निवृत्त झाला की त्याचा वेळ गावाच्या मालकीचा होतो, असा शासन निर्णय निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दिग्रसमध्ये त्याची अंमलबजावणी मात्र काटेकोर आहे. मी शाळेतून मोकळा झालो, तेव्हापासून माझ्या दिवसाचा सातबारा काढला तर भोगवटादार म्हणून नाव माझंच दिसेल, पण इतर अधिकारांच्या रकान्यात निम्मं गाव सापडेल. कुणाच्या पोराचा अर्ज भरायचा आहे, कुणाच्या वास्तुपूजनाला चार शब्द बोलायचे आहेत, कुणाच्या सासऱ्याला यवतमाळला दवाखान्यात दाखवून आणायचं आहे. घंटीबाबाच्या यात्रेत बाहेरगावच्या पाहुण्यांना फिरवणं हे तर माझंच काम, यावर सर्वांचं एकमत आहे. मला कुणी विचारलेलं नाही.

हा कारभार आजवर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चालला. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ते सुरू केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तिथी, वार, नक्षत्र असणार. आमच्या घरात त्या चौकोनांत दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते. अक्षर बायकोचं. अधूनमधून एका चौकोनात नुसतंच लिहिलेलं असतं, ‘यांना पाठवणे’. कुठे आणि कशाला, हे त्या दिवशी सकाळी कळतं.

दिवाळीला आलेल्या मुलीनं हे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या फोनमधलं कॅलेंडर मी एआयला जोडून देते. तुम्ही नुसतं बोलायचं.”

या मदतनीसाकडे स्वतःचं कॅलेंडर नसतं, हे मला तेव्हाच कळलं. आपण होकार दिला की कॅलेंडरवाले त्याला एक टोकन देतात. आपला पासवर्ड त्याला समजत नाही, आणि टोकन आपल्याला हवं तेव्हा रद्द करता येतं. आपण प्रश्न विचारला की तो ते टोकन दाखवून आत जातो, आपल्या नोंदी वाचतो आणि येऊन साध्या मराठीत सांगतो. हे सगळं ठीक. पण त्याआधी पडद्यावर एक प्रश्न येतो, की याला नुसतं वाचू द्यायचं, की लिहू-खोडूही द्यायचं? मी त्या प्रश्नाकडे बघतच राहिलो. माझ्या दिवसावर लिहू का, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. बरं, बारीक अक्षरात असंही होतं, की हा अधिकार कधीही काढून घेता येईल. इतर हक्कदारांच्या बाबतीत अशी सोय आहे का, ते शोधलं. नाही.

“बाबा, दाबा ना,” मुलगी म्हणाली. दाबलं.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो, “पाणी पडलं की मानोऱ्याला जायचं आहे, लक्षात ठेव.” त्यानं अदबीनं विचारलं, “कोणत्या तारखेला?” आता पाणी पडायची तारीख मला ठाऊक असती तर मी मास्तरकी कशाला केली असती? जिल्ह्यातल्या तमाम कापूसवाल्यांनी मला पालखीत बसवून फिरवलं असतं. मग नांदेडच्या चुलतभावाची गोष्ट निघाली. तो म्हणतो, रेल्वे सुरू झाली की येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मार्ग आहे 284 किलोमीटरचा. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून गाडी सुटली ती कळंबपर्यंत आली. त्यापुढे यवतमाळ, मग दारव्हा, मग आम्ही. मदतनीसानं याचीही तारीख मागितली. मी गप्प बसलो, तेव्हा त्यानं आपणहून ‘तारीख न ठरलेली कामं’ अशी एक यादी केली आणि दोन्ही तिथे टाकली. आठवडाभरात ती यादी इतकी फुगली, की कॅलेंडर रिकामं आणि यादी भरलेली. आमच्या गावची तऱ्हा त्याला इतक्या लवकर समजेल असं वाटलं नव्हतं.

घड्याळाचा घोळ मात्र निराळा. वाचनालयाची सभा अकराला होती. सेटिंगमध्ये कुठेतरी ग्रिनिचची वेळ राहून गेली असावी. आपण तिच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे फोनवर सभा साडेचारची दिसू लागली. मी साडेचारला गेलो. सतरंजी अंथरणं चालू होतं आणि अध्यक्ष नुकतेच चपला काढत होते. मुलगी फोनवर म्हणाली, “सेटिंग दुरुस्त करा.” मी केलं नाही. देशभर प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाली, तरी मुंबईनं 1955 पर्यंत आपली 39 मिनिटं मागची वेळ सोडली नव्हती. मुंबईला पन्नास वर्षं चाललं, तर दिग्रसच्या सभांना ग्रिनिच चालायला काय हरकत आहे?

खरी जुंपली ती पोळ्यावरून. “पोळा दर वर्षी लावून ठेव,” असं मी म्हणालो आणि त्यानं दर वर्षीचा 22 ऑगस्ट धरला, कारण 2025 मध्ये पोळा त्या दिवशी होता. या ऑनलाइन कॅलेंडरांची आपसातली बोली 1998 मध्ये ठरली. तिच्यात दररोज, दर आठवड्याला, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, असे पुनरावृत्तीचे नाना प्रकार सांगता येतात. पण श्रावणातली अमावास्या म्हणाल तर नेहमीच्या नियमांत ती बसत नाही. पोळा 2024 ला 2 सप्टेंबरला होता, आणि 2026 ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुन्हा सप्टेंबरातच. मदतनीसाला अधिक मास माहीत होता. विचारल्यावर त्यानं मला सूर्य-चंद्राच्या वर्षांतला अकरा दिवसांचा फरक असा समजावून सांगितला, की आमच्या भूगोलाच्या सरांना तो आयुष्यात जमला नाही. फक्त नोंद करताना त्यानं ते ज्ञान वापरलं नव्हतं. (हाही गुण त्यानं आमच्याच शाळेतून उचलला की काय, कोण जाणे.) शेवटी दर वर्षीची तारीख वेगवेगळी घालून घेतली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळणी होते. खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलांना आवतन देतात, की उद्या जेवायला या. बोलावणं तोंडी. फोनवरच्या निमंत्रणाखाली होय, नाही, कदाचित अशी तीन बटणं असतात आणि शिकलेसवरलेले लोक डोळे मिटून ‘कदाचित’ दाबतात. बैल आजवर कधी ‘कदाचित’ म्हणाल्याचं ऐकलं नाही.

निमंत्रणावरून आठवलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये लास वेगासच्या सायबर सुरक्षा परिषदेत इस्रायली संशोधकांनी एक प्रयोग मांडला. त्यांनी कॅलेंडरच्या निमंत्रणात छुपे हुकूम लिहून पाठवले. घरमालकानं गूगलच्या जेमिनीला विचारलं, या आठवड्यात माझं काय काय आहे? जेमिनीनं निमंत्रणं वाचली, त्यातले हुकूमही वाचले, आणि ते मालकाचेच समजून घरातले दिवे घालवले, खिडक्या उघडल्या. गूगलला हे आधीच कळवलेलं होतं आणि त्यांनी बंदोबस्तही केला. मुलीनं ही बातमी घाबरून पाठवली होती. मी तिला कळवलं, की दिग्रसमध्ये दिवे घालवायला एवढी हुशार माणसं लागत नाहीत. पण मनातून चरकलो. लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनवर एपीके फाइल येते आणि उघडली की बँकेतले पैसे जातात, हे आता गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पूर्वी पत्रिकेनं आहेरापुरतंच लुटलं जायचं. मदतनीसाचा लिहिण्याचा अधिकार मी त्याच दिवशी कमी केला. आता काहीही लिहायच्या आधी तो विचारतो.

पण वाचण्याचा अधिकार शिल्लक होता, आणि घात तिथेच झाला. इतकी वर्षं माझ्याकडे एकच शस्त्र होतं, ते म्हणजे “उद्या जरा यवतमाळला जायचं आहे.” कशाला, असं कुणी विचारत नाही. यवतमाळला माणसाला काम असतंच. परवा शेजारचे भाऊ आले, चहा घेतला, आणि माझ्या तोंडून ‘यवतमाळ’मधला ‘य’ बाहेर पडतो न पडतो तोच टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, त्या तुमच्या बोलनाऱ्याले इचारा बरं, उद्या तुमी मोकये आहा का?”

मी विचारलं नाही. बायकोनं विचारलं.

“उद्या सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही पूर्ण मोकळे आहात,” तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता, ओसरीपर्यंत गेला.

“मंग झालं तर!” भाऊ म्हणाले. “बारा वाजता वावराची रजिस्ट्री हाय, एक साक्षीदार कमी पडून राह्यला होता.”

“बारा वाजता रजिस्ट्री. नोंद करू का?” त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत भाऊ फोनवर वाकले. “कर ना बावा,” ते म्हणाले. “अन् आधार कार्ड सोबत आनाचं, तेही लिही.”