साच्यातला संडास

मीरा रोडला शांतीनगरातल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दरवर्षी दोन-तीन नवी पोरं येतात. हुशार असतात. विरार लोकलमधून मीरा रोडला उतरता येतं, म्हणजे धाडसातही कमी नाहीत. भीती आम्हालाच वाटते.

म्हणून यंदा त्यांच्यासाठी ऑटोकॅडचं टेम्प्लेट करायला घेतलं. मोदकाच्या साच्यासारखं. हात बसलेला नसला तरी कळ्या पडल्याच पाहिजेत! तीन रविवार त्यात गेले. भिंतींचा लेअर वेगळा, दारांचा वेगळा, फर्निचरचा वेगळा. महापालिकेच्या नकाशात नवं बांधकाम लाल आणि पाडायचं ते पिवळं, म्हणून रंगही पक्के बांधले. एकक मिलिमीटर. ऑटोकॅड हे १९८२ सालचं अमेरिकन अपत्य, त्याला मोकळं सोडलं की ते इंचांत जातं.

पहिल्याच दिवशी एकाने माझा साचा सोडून नेमकं ते इंचांचं कोरं पान उघडलं. त्यावर मिलिमीटरचे आकडे टाकून हॉल काढला आणि तो माझ्या फाइलमध्ये आणला. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे २५.४ ने गुणलं. ३ मीटरचा हॉल ७६ मीटरचा झाला. मीरा रोडच्या वन बीएचकेत! रागवायच्या आधी माझ्या मनात मेंटेनन्सचा आकडा आला.

दुसरीने साचा बरोबर उघडला. पण ‘डेफपॉइंट्स’ नावाचा एक लेअर असतो. आपण तो करत नाही, मापं टाकली की तो आपसूक उगवतो. त्यावरचं पडद्यावर दिसतं, कागदावर मात्र कधीच छापलं जात नाही. हिने अख्खी इमारत त्याच्यावर बांधली. बिल्डरशेठ समोर बसलेले असताना प्लॉटरमधून भलामोठा कागद निघाला. खाली ऑफिसचं नाव, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, मधे पांढरं स्वच्छ.

“मॅडम, स्क्रीनवर आहे की सगळं!” ती रडकुंडीला आली.

शेठनी कागद उलटा करून पाहिला. म्हणाले, “म्हणजे एफएसआय सगळा शिल्लक आहे ना?”

तिसऱ्याने कहर केला. साच्यावर लाल अक्षरांत मी लिहिलं होतं, ‘यात काढू नये.’ त्याने ते अदबीने पुसलं, त्या जागी संडासाचा नकाशा काढला आणि साचाच सेव्ह केला.

हे मला कळायच्या आत मी शहाणपणा करून बसले होते. कॉम्प्युटरवाल्याला बोलावून साच्याच्या फोल्डरला कुलूप घालून घेतलं. आता त्यात कोणालाही बदल करता येत नाही, मलासुद्धा. कॉम्प्युटरवाला नायगावला राहतो. रोज फोनवर “निघालोच” म्हणतो.

तोवर आमच्या ऑफिसातली प्रत्येक नवी इमारत संडासापासून सुरू होते.