नंबर गेला, डोळे राहिले

डोळ्याच्या बाहुलीसमोर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा असतो, त्याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात मात्र सगळे कॉर्निआच म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पापुद्रा करतो, उरलेले आतले भिंग करते. डोळा लांबीला जास्त वाढला की प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि समोरून येणारा माणूस ओळखीचा आहे की नाही हे तो हाक मारेपर्यंत कळत नाही. यालाच उणे नंबर म्हणतात. लेझर शस्त्रक्रियेने डोळ्याची लांबी कमी होत नाही. फक्त पारपटलाचा बाक बदलतो. नाकावरची काच उतरवून तिचा आकार डोळ्यावरच कोरायचा, असा हा व्यवहार आहे.

शस्त्रक्रियेची कारणे दोन प्रकारची असतात : सांगायची आणि खरी. सांगायची कारणे पुष्कळ आहेत. पावसात काचा भिजतात, हेल्मेट घालताना काड्या अडकतात, चहाच्या पहिल्या घोटाला काचांवर वाफ धरते. खरे कारण बहुधा एकच असते : फोटो. समूहफोटोच्या वेळी ‘काचेवर लाइट येतोय’ या सबबीवर चष्मा काढून खिशात टाकणे, मग फोटोग्राफर कुठे उभा आहे हेच न दिसल्यामुळे मांडवाच्या खांबाकडे पाहून प्रसन्न हसणे, ही या अवस्थेची प्रमुख लक्षणे होत. नाकाच्या दोन्ही बाजूंना उमटलेल्या तांबूस खुणा फोटोत स्पष्ट येतात, ही गोष्ट रुग्णाला अल्बम आल्यावर कळते, तीही चष्मा लावल्यावर. प्रस्तुत लेखकाच्या घरातले तीन अल्बम या विषयाच्या अभ्यासकांना उपयोगी पडावेत.

या हौसेची एक बाजू मात्र हसण्यासारखी नाही. पुरुषाच्या चष्म्याला हुशारी चिकटते, मुलीच्या चष्म्याला वैगुण्य. स्थळ बघायला आलेली मंडळी स्वतःच्या जाड भिंगांतून मुलीचा फोटो न्याहाळत ‘मुलीला चष्मा नाही ना?’ असे विचारतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मग नंबर अजून वाढत असलेल्या मुलीला घेऊन आईवडील घाईघाईने दवाखाना गाठतात. डोळा तिचा, कोरडेपणा तिचा, थेंब तिने टाकायचे आणि नापसंतीचा अधिकार परक्याचा. एखादा डॉक्टर ‘आत्ता नाही, वर्षाने या’ म्हणतो तेव्हा तो मुलीच्या बाजूने बोलणारा त्या खोलीतला एकटाच माणूस असतो.

चष्मा घालवणाऱ्या या लेझरचा इतिहास टर्कीपासून सुरू होतो. टर्की हा कोंबडीच्या कुळातला थोराड पक्षी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो घरोघर रांधतात आणि आकारामुळे तो उरतो. १९८१ च्या सणानंतर दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन हे उरलेली टर्की घेऊन आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या प्रयोगशाळेत गेले. ते, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे तिघे एक्सायमर लेझरवर काम करत होते. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या अतिनील किरणांनी प्लास्टिक सुबक कापले जाते हे माहीत होते, जिवंत प्राण्याच्या ऊतींचे काय होईल हे पाहायचे होते. टर्कीची कूर्चा नीट कोरली गेली आणि कडेला जळल्याचा डागही उमटला नाही. किरणांची ऊर्जा रेणूंमधले बंध तोडते, आजूबाजूला उष्णता फारशी पसरत नाही, हे त्यामागचे कारण.

इथे संस्कृतींची तुलना अटळ ठरते. मराठी घरात उरलेल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा होतो, त्यावर लिंबू पिळले जाते आणि विषय संपतो. त्यातून आजवर एकही पेटंट निघालेले नाही. आपल्याकडेही उरलेले अन्न डब्यात भरून कामाच्या ठिकाणी नेतात, पण तिथे सहकारी असतात आणि लेझर नसतो. शिवाय ‘कालची टर्की कुठे गेली?’ या प्रश्नाला ‘तिच्यावर किरण सोडले’ असे उत्तर घरात देण्याचे धैर्य फार थोड्या नवऱ्यांपाशी असते. पुढे याच लेझरने माणसाच्या एका केसावर रांगेने खाचा पाडून दाखवल्या गेल्या. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल श्रीनिवासन यांच्याकडे आले आणि किरण पारपटलावर वापरून पाहिले गेले. तिघा शास्त्रज्ञांना २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. टर्कीचा उल्लेख मात्र कोणत्याही संमतिपत्रात नसतो. पारपटलाचा पातळ थर ब्लेडशिवाय उचलणाऱ्या फेम्टोसेकंद लेझरचे मूळही असेच अनपेक्षित आहे. मिशिगन विद्यापीठात जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पडद्यावरची जखम कमालीची नेटकी दिसली. अतिसूक्ष्म स्पंदांच्या तंत्राबद्दल मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

आज तीन पद्धती प्रचलित आहेत. पीआरकेमध्ये पारपटलावरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर मारतात. त्वचा पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी वाहते. लॅसिकमध्ये साधारण १०० मायक्रॉन जाडीचा थर पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर मारतात आणि पान जागेवर बसवतात. टाके लागत नाहीत. स्माइलमध्ये आतल्या आतच भिंगाच्या आकाराची चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि रुग्णाला सर्वांत कंटाळा त्याचाच. वय किमान १८ हवे, नंबर वर्षभर बदललेला नको. एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडी खर्च होते आणि उलटलेल्या थराखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहावे लागतात. त्यामुळे जाड चष्मा आणि पातळ पारपटल एकाच्याच वाट्याला आले तर हिशेब जमत नाही. अशा वेळी डोळ्यात कायमचे भिंग बसवण्याचा पर्याय असतो. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा विकार म्हणजे केरॅटोकोनस. त्याची चाहूल जरी लागली तरी लेझर वर्ज्य. गर्भारपण, स्तनपान, फार कोरडे डोळे, आटोक्याबाहेरचा मधुमेह, या काळात थांबावे. कॉन्टॅक्ट लेन्स मोजमापाआधी काही दिवस काढून ठेवाव्या लागतात, म्हणजे इतकी वर्षे लपवलेला चष्मा शेवटी ऑफिसभर मिरवावा लागतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काजळ आणि अत्तर बंद असते, कारण अत्तराच्या वाफेचा लेझरवर परिणाम होतो. दिसण्यासाठी चाललेल्या माणसाला त्या दिवशी नटायची मुभा नसते. भूल थेंबांची असते, रुग्ण जागा असतो. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. थर कापण्यासाठी डोळ्यावर कडे दाबून बसवतात तेव्हा काही क्षण सगळे काळे होते. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहायला सांगतात. यंत्र टकटकते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि तो कशाचा आहे हे न विचारण्यातच शहाणपण असते. लेझरचे प्रत्यक्ष काम बहुधा एका मिनिटाच्या आत उरकते.

लॅसिकनंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ दिसते. डोळे चोळायचे नाहीत, काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नाही, थेंब ठरल्या वेळी टाकायचे. पारपटलातल्या नसा कापल्या गेल्याने काही महिने कोरडेपणा राहू शकतो. रात्री समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती प्रभावळ दिसू शकते. नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवण्याची सवय त्याहून चिवट ठरते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते सहकारी दोन दिवसांनी निरखून म्हणतात, ‘काहीतरी वेगळं दिसतंय. केस कापलेस का?’

लेझर काय करत नाही याची यादीही पाठ असावी. चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच, कारण आतले भिंग ताठरते. मोतीबिंदू यायचा तेव्हा येतो. त्या वेळी बसवायच्या भिंगाचे गणित लेझरमुळे बदललेले असते, म्हणून जुन्या मोजमापांची फाइल दागिन्यांइतकी जपावी. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, म्हणून काचबिंदूची तपासणी करणाऱ्याला लेझर झाल्याचे सांगावे. उणे नंबरवाल्याचा ताणलेला पडदा चष्मा गेल्यावरही ताणलेलाच असतो. डोळ्यांपुढे अचानक ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे वाटले किंवा कडेने काळोख सरकू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीचे आरोग्य साधे आहे. स्क्रीनसमोर पापण्या लवणे कमी होते, म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. मुलांना रोज उघड्यावर खेळू द्यावे. त्याने उणे नंबर लागण्याचा धोका कमी होतो. डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालू नये, आणि औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नयेत. त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदू न दुखता नजर कडेकडेने खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. स्वतःच्या फोटोसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या मुलाची आई बरेचदा स्टेशनबाहेर घेतलेल्या तयार चष्म्यावर तांदूळ निवडत असते आणि विचारले तर म्हणते, ‘मला दिसतंय की!’

चाळिशीनंतर दाब आणि पडदा नियमित तपासून घ्यावा, आणि जाताना आईलाही न्यावे. दोघांच्या डोळ्यांत एकाच वेळी थेंब मात्र टाकून घेऊ नयेत. बाहुली मोठी झाल्यावर काही तास जवळचे अक्षर लागत नाही, आणि बिल नेमके तेव्हाच हातात येते.